४१.१५ मीटर : साळावली धरणाच्या काठाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण गोव्यात पावसाने पोटभर हजेरी लावली की नाही, हे आम्हा शहरातल्या लोकांना दरवर्षी एका बातमीवरून कळते: साळावली धरण भरले. या बातमीमागे घडलेले असते ते एवढेच, की जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ४१.१५ मीटरवर पोहोचलेली असते आणि त्यापुढे चढणारे पाणी सांडव्याच्या काठावरून आपणहून खाली उतरू लागलेले असते. त्यासाठी कोणी दरवाजा उचललेला नसतो, कारण या सांडव्याला दरवाजाच नाही. धरण बांधताना हा काठ ज्या उंचीवर पक्का केला गेला, त्या एका निर्णयातून धरणाची सुरक्षितता, मडगाव-वास्कोच्या नळांचे पाणी आणि कुर्डी गावाचे भवितव्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ठरल्या. या लेखात मी त्या काठाचाच हिशेब मांडणार आहे.

साळावली ही सांगे तालुक्यातली, झुआरीच्या खोऱ्यातली नदी. धरणाच्या वरचे तिचे पाणलोट क्षेत्र २०९ चौरस किलोमीटरचे असून त्याच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या उताराची रानेच राने आहेत. त्यांतला मोठा भाग १९९९ साली घोषित झालेल्या नेत्रावळी अभयारण्यात मोडतो. गोव्याचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर धरतात आणि घाटाच्या पायथ्याशी तो त्याहून अधिक पडतो. ३,००० मिलिमीटर जरी धरला, तरी या पाणलोटावर वर्षाकाठी सुमारे ६२७ दशलक्ष घनमीटर पाणी कोसळते. जलाशयाची एकूण क्षमता २३४.३६ दशलक्ष घनमीटर आणि त्यातला उपयुक्त साठा २२७.१६ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे जमिनीत मुरणारे, झाडांनी पिणारे आणि उडून जाणारे पाणी वजा केले तरी तळे सहज भरते आणि उरलेले पाणी सोडून द्यावेच लागते. चार महिन्यांत अडीच-पावणेतीन तळी भरतील एवढा पाऊस पडायचा आणि नंतरचे आठ महिने आभाळाकडून जवळजवळ काहीच मिळायचे नाही, ही गोव्याच्या पाण्याची मूळ अडचण आहे, आणि साळावलीचा प्रकल्प तिच्यावरचा उपाय म्हणून उभा राहिला.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर मुरगाव बंदर, मडगाव आणि सासष्टीची गावे यांची वाढ होऊ लागली. खांडेपार नदीवरील ओपा येथून मिळणारे पाणी तिसवाडी आणि फोंड्याच्या बाजूचे. दक्षिणेला स्वतःचा मोठा साठा हवा होता. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः कुर्डीत जाऊन, हे धरण संपूर्ण दक्षिण गोव्याच्या भल्याचे आहे, असे गावकऱ्यांना सांगितले होते. काम १९७० च्या दशकात सुरू झाले आणि प्रकल्प पूर्ण व्हायला २००० साल उजाडले. आराखड्यात १४,३२६ हेक्टर जमिनीचे सिंचन आणि दिवसाला १६ कोटी लिटर पाणीपुरवठा धरलेला होता. धरणाची उंची ४२.७ मीटर, लांबी सुमारे १,००४ मीटर आणि भरल्यावर जलाशयाचा विस्तार २४ चौरस किलोमीटर आहे.

रचनेच्या दृष्टीने हे मिश्र धरण आहे, म्हणजे काही भाग मातीचा आणि काही भाग दगडी बांधकामाचा. प्रकरणाचा गाभा समजण्यासाठी या दोन भागांच्या स्वभावातला फरक नीट पाहावा लागतो, आणि त्यासाठी आधी गुरुत्व धरण उभे कसे राहते ते सांगणे आवश्यक आहे.

काँक्रीटचे किंवा दगडी गुरुत्व धरण पाण्याला केवळ स्वतःच्या वजनाने अडवते. ४० मीटर खोल पाणी धरले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ते सुमारे ८०० टनांचा आडवा रेटा देते. खोली निम्मी झाली तर रेटा निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच धरणाच्या वरच्या काही मीटरांचे मोल एवढे मोठे असते. आता उदाहरणादाखल, तळाशी ३२ मीटर रुंद आणि ४० मीटर उंच असा साधा त्रिकोणी छेद घेऊ. दर घनमीटरला २.४ टन या हिशेबाने त्याचे वजन दर मीटर लांबीला सुमारे १,५३६ टन भरते. खडकावरचे घर्षण वजनाच्या सात दशांश मानले, तर ही भिंत १,०७५ टनांचा रेटा सोसू शकते. म्हणजे ८०० टनांपुढे ती निवांत उभी आहे असे वाटते. पण पाणी भिंतीच्या तळाखालीही शिरते आणि तिला वर उचलू पाहते. तळाच्या पाण्याकडच्या कडेला पूर्ण दाब आणि पलीकडच्या कडेला शून्य असे धरले, तर ही उचल ६४० टनांची होते. मग खडकावर टेकलेले वजन उरते ८९६ टन, त्याचे घर्षण ६२७ टन, आणि रेटा तर ८०० टनांचाच आहे. खडक आणि बांधकाम यांची एकमेकांना असलेली पकड यात जमेला धरलेली नाही, हे खरे. तरीही जे धरण कागदावर भक्कम दिसत होते, ते तळाखाली न दिसणाऱ्या पाण्यामुळे डळमळीत होऊ शकते, एवढे या हिशेबातून स्पष्ट होते. म्हणून पायाच्या खडकात सिमेंटचे ग्राउट, म्हणजे पातळ कालवलेले सिमेंट, भरून पडदा तयार करतात आणि त्याच्या मागे निचऱ्याची भोके घेतात. निचऱ्याने उचल निम्म्यावर आणली, तर वरच्याच उदाहरणात घर्षण पुन्हा ८५१ टनांवर जाते. ही भोके वर्षानुवर्षे चुन्याच्या थराने बुजत जातात आणि ती वेळच्या वेळी साफ करणे हे कोणत्याही गुरुत्व धरणावरचे सर्वांत कमी दिसणारे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम आहे. गोव्यात तर वरचा जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे तो पार करून खालच्या पक्क्या खडकापर्यंत पाया न्यावाच लागतो.

मातीचे धरण याहून वेगळ्या प्रकृतीचे असते. ते रुंद पसरलेले असते, कमकुवत पायावरही बसते, आसपासच्या मातीतून उभे राहते आणि त्यामुळे स्वस्त पडते. पण त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले तर काही तासांत ते कापले जाते. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर नुकसान होईल, कदाचित पायथा उखडेल, परंतु भिंत बहुधा उभी राहील. मातीच्या भागाला तेवढी सवलत नाही. तेव्हा मिश्र धरणात सारे काही एका अटीवर टिकून असते: कितीही मोठा पूर आला तरी पाणी मातीच्या माथ्यापर्यंत पोहोचता कामा नये. ही अट सांडव्याने पाळायची असते.

सांडव्यासाठी दोन मार्ग असतात. पहिला मार्ग दरवाजांचा. सांडव्याचा पक्का माथा खाली ठेवायचा, त्यावर लोखंडी दरवाजे उभारायचे, पाऊस संपत आला की ते बंद ठेवून साठा वाढवायचा आणि पूर आला की उचलायचे. सत्तरी तालुक्यातल्या अंजुणे धरणाला असे दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले जातात तेव्हा वाळवंटी नदीकाठच्या साखळीला सावध केले जाते. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की मोठा पाऊस येणार हे आधी कळले तर पाणी आगाऊ सोडून जागा करून ठेवता येते. पण त्यासाठी तो अंदाज बरोबर असावा लागतो, निर्णय घेणारा माणूस वेळेवर जागेवर असावा लागतो, वीज असावी लागते किंवा जनित्र सुरू व्हावे लागते, आणि वर्षातले आठ महिने उन्हात उभे असलेले लोखंड त्या रात्री अडकून बसता कामा नये. जुलैतल्या एखाद्या रात्री सांग्याच्या रानात झाडे पडून रस्ते बंद होतात आणि वीज जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या यादीतली प्रत्येक अट किती नाजूक आहे हे वेगळे सांगायला नको.

साळावलीला दुसरा मार्ग निवडला गेला, म्हणजे पक्का काठ आणि दरवाजा नाही. पाणी ४१.१५ मीटरपर्यंत साठणार आणि त्यावर चढले की आपोआप सांडणार. यात माणसाची चूक होण्याला जागा उरत नाही. मात्र त्याची किंमत अशी, की पूर काठावरून निघून जाण्यासाठी आधी पाण्याला काठाच्या वर चढावे लागते, आणि जितके ते वर चढेल तितका धरणाचा माथा उंच ठेवावा लागतो. जलाशय आधीच तुडुंब असताना सगळ्या पाणलोटावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर सुमारे ४२ दशलक्ष घनमीटर पाणी येईल. ते बाहेर गेलेच नाही, तर तळे पावणेदोन मीटरने चढेल. सांडव्याला दिवसभर, सरासरीने, दर सेकंदाला सुमारे ४८४ घनमीटर पाणी काढून द्यावे लागेल, आणि पुराचा जोर काही तासच असल्यामुळे ऐन भरात याहूनही बरेच जास्त.

याच अडचणीवर उपाय म्हणून या सांडव्याला तो प्रसिद्ध आकार मिळाला आहे. काठ सरळ रेषेत न ठेवता जलाशयाच्या दिशेने बदकाच्या चोचीसारखा गोलाकार पुढे काढला आहे. तंत्रज्ञ त्याला डकबिल सांडवा म्हणतात. तिन्ही बाजूंनी पाणी आतल्या खोल कुंडात पडते आणि तिथून धरणाच्या खालच्या अंगाला निघून जाते. काठावरून जाणारे पाणी काठाच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, आणि काठावरच्या पाण्याच्या जाडीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून जागा तेवढीच ठेवून काठ वळवून त्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढाच पूर ६३ टक्के जाडीने निघून जातो. सरळ काठावर पाणी जिथे २ मीटर चढले असते, तिथे ते सुमारे सव्वा मीटरच चढते. पाऊण मीटरची ही बचत हजार मीटर लांबीच्या बांधावर आणि २४ चौरस किलोमीटरच्या तळ्याच्या किनाऱ्यावर पसरवून पाहिली, म्हणजे त्या वळणाचे मोल कळते. या आकाराला मर्यादाही आहे: पाणी फारच चढले तर समोरासमोरच्या धारा कुंडात एकमेकींवर आदळतात, कुंड तुंबू लागते आणि लांब काठाचा फायदा कमी होतो. त्यामुळे कुंडातून पुढे जाण्याचा मार्ग मोकळा असणे आणि पुरातून आलेले ओंडके काठावर न अडकणे, एवढी दक्षता दरवाजा नसलेल्या सांडव्यालाही लागतेच. पावसाळ्यात हजारो माणसे ते गोल कोसळणारे पाणी पाहायला जातात आणि ते दृश्य आहेच तसे. तरी तिथे उभे राहिलो की मला त्या धारेच्या जाडीकडे पाहत राहावेसे वाटते, कारण ती किती पातळ राहिली यातच आराखड्याचे यश आहे.

काठ पक्का म्हटल्यावर त्याची उंची किती, हा प्रश्न एकदाच आणि कायमचा सोडवावा लागतो. दरवाजांप्रमाणे तो दरवर्षी नव्याने सोडवता येत नाही. साळावलीच्या सर्वांत वरच्या एका मीटरमध्ये जवळपास २४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते, म्हणजे एकूण साठ्याचा दहावा हिस्सा. दिवसाला १६ कोटी लिटरच्या मूळ पाणीपुरवठ्याने भागिले तर हे पाणी १५० दिवसांचे होते. काठ एक मीटर खाली असता, तर दक्षिण गोव्याचे पाच महिन्यांचे पिण्याचे पाणी दरवर्षी समुद्राला मिळाले असते. उलट बाजूचे सत्यही तितकेच ठोस आहे. उथळ, पसरट खोऱ्यात पातळी वाढली की पाणी उंचीपेक्षा आडवेच अधिक पसरते, आणि खोऱ्याचा सपाट, गाळाचा, पिकता भाग नेमका त्याच पसाऱ्यात येतो. तळे पूर्ण पसरलेले असताना दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर १२ कोटी लिटर पाणी रोज हवेत जाते. नळांना द्यायच्या १६ कोटी लिटरच्या तुलनेत हा आकडा लहान नाही.

त्या सपाट भागात कुर्डी होती. भातशेती, माडांच्या बागा, काजू, आंबा, फणस असलेल्या या गावात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशी सुमारे ३,००० माणसे राहत होती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. सहाशेहून अधिक कुटुंबांना गाव सोडून वाडे आणि वालकिणी येथील वसाहतींत जावे लागले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गाव पाण्याखाली गेले. कुर्डीचे जुने महादेव मंदिर दगडादगडाने उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले आणि जांभ्यात कोरलेली मातृदेवतेची प्राचीन मूर्ती वेर्ण्याला नेण्यात आली. सोमेश्वराचे देऊळ मात्र जागीच राहिले. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की मे महिन्यात ते उघडे पडते, जुने गावकरी तिथे जमून उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाचे, म्हणजे लहान चर्चचे, फेस्त करतात, आणि घरांचे जोते, विहिरी, माडांचे खुंट पुन्हा दिसतात. नकाशावर काढलेली ४१.१५ मीटरची समपातळी रेषा या घरांच्या वरून गेली, एवढेच या विस्थापनाचे तांत्रिक कारण होते. घरांचा मोबदला देता येतो. पण पाच महिन्यांच्या पाण्याच्या बदल्यात गेलेले गाव कोणत्या खात्यात जमा करायचे, याचे उत्तर प्रकल्प अहवालाच्या लाभ-खर्चाच्या तक्त्यात सापडत नाही, आणि ते तिथे सापडायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

या प्रकरणातली सर्वांत बोचणारी बाब वाडे येथील वसाहतीची आहे. ज्यांच्या जमिनीवर तळे उभे राहिले, त्यांच्या वसाहतीतल्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत आटू लागल्या आणि गावाला सरकारी टँकरवर विसंबून राहावे लागले. धरणाचे पाणी शुद्धीकरण करून मडगाव आणि वास्कोच्या दिशेला जाते. पुनर्वसनाची जागा निवडताना तिथल्या विहिरींना मे महिन्यात किती पाणी असते, हे मोजणे काठाची उंची मोजण्याइतकेच आवश्यक होते. पुढे धरण बांधणाऱ्या कोणाही अभियंत्याने जागा ठरवण्यापूर्वी किमान दोन उन्हाळे तिथल्या विहिरींच्या पातळ्या नोंदवाव्यात.

पाण्याच्या प्रतीचा प्रश्नही पातळीशी जोडलेला आहे. पाणलोटात लोह आणि मँगनीजच्या खाणी होत्या. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी थरांमध्ये विभागले जाते: वर कोमट आणि प्राणवायू असलेले, तळाशी थंड आणि प्राणवायू संपत आलेले. अशा तळाशी गाळातले मँगनीज पाण्यात विरघळते आणि शुद्धीकरणात क्लोरीन लागल्यावर पाण्याला तपकिरी छटा येऊ शकते. म्हणून पाणी कोणत्या खोलीवरून उचलायचे, हे पातळी पाहून ठरवावे लागते आणि वेगवेगळ्या उंचीची तोंडे असलेला उपसा मनोरा अशा तळ्यात फार उपयोगी ठरतो. खाणींचे ढिगारे पावसात धुपून येऊ नयेत यासाठी वरची राने राखणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार १५ मीटरहून उंच धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक झाली आहे, आणि साळावली त्यात येते. या तपासणीत झिरपा किती आहे याबरोबरच तो गढूळ आहे की स्वच्छ, हे पाहिले पाहिजे. मातीच्या धरणातून येणारे थोडे पण गढूळ पाणी, पुष्कळ पण स्वच्छ पाण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण ते आपल्याबरोबर धरणाची माती घेऊन येत असते.

राहिला गाळाचा मुद्दा, आणि तो काठ पक्का असल्यामुळेच सहज नजरेतून सुटतो. सांडव्याचा काठ जागचा हलत नाही. तळ मात्र दरवर्षी थोडा वर येतो. म्हणजे 'धरण भरले' ही बातमी ४१.१५ मीटरवर दरवर्षी सारखीच येत राहील, पण त्या आकड्याखाली मावणारे पाणी हळूहळू कमी होत जाईल. नुसत्या पातळीवरून ही घट कधीच कळणार नाही. तिच्यासाठी तळाचे मोजमाप लागते, आणि कोरड्या पडलेल्या भागात ते बोटीवाचूनही करता येते. मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला येणाऱ्यांमध्ये अजून अशी वयस्क माणसे आहेत, ज्यांना आपल्या घराला अंगणातून चढायला किती पायऱ्या होत्या हे ठाऊक आहे. मोजणी करणाऱ्यांनी पट्टी आणि दुर्बीण घेऊन त्या दिवशी तिथे जावे, त्या माणसांबरोबर जोत्याजोत्याशी थांबावे, आणि आज त्यांतल्या किती पायऱ्या गाळाच्या वर आहेत ते वहीत लिहून घ्यावे.